दोन तारांचा बेस

गिटार-दुरुस्तीचं काम झालं, पैसे मिळाले, वहीत नोंद केली की गिऱ्हाईक माझ्या डोक्यातून जातं. हे गेलेलं नाही, सहा आठवडे होत आले तरी.

मे महिन्याच्या शेवटी एक अंकल खांद्याला बेस गिटार लावून दोन जिने चढून आले. सत्तरी पार केलेले, मूळ गोव्याचे, तरुणपणी बोटींवरच्या बँडमध्ये, नंतर मुंबईत लग्नं आणि हॉटेलं. केस उघडली आणि मी आधी हात धुऊन आलो. फेंडर प्रिसिजन, अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा बेस. मान काढून पाहिली तर टोकाला 1966 चा शिक्का. जानेवारी 1965 मध्ये लिओ फेंडरने कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली, म्हणून संग्राहक मंडळी नंतरच्या मालाला नाक मुरडतात. त्यातल्या निम्म्यांना वाजवता येत नाही, पण ते असो.

"बारीक तारा म्हाताऱ्या झाल्या," अंकल म्हणाले. अ‍ॅम्पला लावला. ई आणि ए या दोन जाड तारा ठणठणीत. डी आणि जी म्हणजे शेजारच्या खोलीत कोणीतरी वाजवतंय. आणि मागे सतत घूंऽऽ.

हे तिन्ही एकत्र ऐकलं की न उघडताही कळतं. 1957 पासून प्रिसिजनचा पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत उतरवणारी चुंबकं आणि त्यांवरची वायरची कॉइल, दोन तुकड्यांत येतो. एक तुकडा ई-एसाठी, दुसरा डी-जीसाठी. एकाच्या कॉइलचे वेढे उलट्या दिशेने आणि चुंबकंही उलटी. तारांचा आवाज त्यामुळे बिघडत नाही, पण भिंतीतल्या विजेची घूं दोन्ही कॉइलींत उलटसुलट उमटते आणि एकमेकींना खाऊन टाकते. दोन्ही कॉइली एकामागोमाग जोडलेल्या असतात, त्यामुळे एकीची वायर तुटली तर खरं तर सगळाच बेस पत्र्याच्या डब्यासारखा वाजायला हवा. इथे अर्धा धडधाकट आणि वर घूं. म्हणजे कोणीतरी जम्पर, म्हणजे आडवाटेची वायर, मारून मेलेली कॉइल बाजूला केली होती.

मी अंकलसमोर काही बोललो नाही. ते गेल्यावर त्या कारागिराचा मनसोक्त उद्धार केला. असले लोक साठ वर्षांच्या वाद्यात पंख्याचा कंडेन्सर बदलल्यासारखा हात घालतात आणि गिऱ्हाइकाला सांगतही नाहीत. मग स्क्रू काढले, पिकअप उलटा केला.

जम्परवर पिवळी स्लीव्ह होती, वायरवर चढवायची नळी. वार्निशवाली, सुती, मोटर वाइंडिंगच्या दुकानात असते ती. तिची दोन्ही टोकं आत दुमडलेली. गिटारच्या कामात ती कोणी वापरत नाही आणि टोकं तर कोणीच दुमडत नाही. मी दुमडतो. पंखे आणि पंपाच्या मोटरी भरायला शिकलो तेव्हापासूनची खोड आहे.

मग आठवलं. बारा वर्षं झाली असतील. मी उस्तादांकडे नवा होतो. संध्याकाळी सहाला एकजण धापा टाकत आला होता, आठला लग्नात वाजवायचं होतं. उस्ताद म्हणाले, जम्पर मार, रात्रीपुरतं निभेल, सोमवारी घेऊन या म्हणावं. मी मारला. सोमवारी कोणी आलं नाही आणि मीही विसरलो. चेहरा अजिबात लक्षात नव्हता, सोल्डरचा डाग मात्र ओळखला.

त्या रात्री मी घरी जेवायला गेलो नाही.

या पिकअपमध्ये बॉबिन, म्हणजे वायर गुंडाळायची रीळ, अशी नसतेच. फायबरच्या दोन पट्ट्या, त्यांत ठोकून बसवलेली अल्निको 5 या मिश्रधातूची चार गोल चुंबकं, एका तारेला दोन. तार दोघांच्या मधोमध थरथरते. पहिल्या, 1951 च्या प्रिसिजनमध्ये तारेला एकच चुंबक असायचं. वायर थेट त्या चुंबकांवरच गुंडाळलेली, मध्ये फक्त लॅकरचा हात. अल्निकोत लोखंड असतं. बोटीवरची खारी हवा, मग मुंबईची, वर हाताचा घाम. लॅकर फुटलं की चुंबक गंजतं आणि तो गंज सगळ्यात आतल्या वेढ्याचं इनॅमल खातो. वायर बाहेरच्या टोकाला तुटली असती तर चार वेढे सोडून डाग दिला असता, दहा मिनिटांचं काम. मी तशी आशा धरली होती. पण तुटली होती आत, चुंबकाला चिकटून, हिरवी पडून. सगळी उलगडण्यावाचून इलाज नव्हता.

वेढे मोजणारा काउंटर उलटा लावून उलगडत गेलो. सात-आठ ठिकाणी तुटली. साधारण 9,800 वेढे भरले. एक वेढा सरासरी दहा सेंटिमीटरचा, म्हणजे काडेपेटीएवढ्या त्या तुकड्यात जवळजवळ एक किलोमीटर वायर. रंग जुन्या इनॅमलचा, गडद तपकिरी.

वायरची एक गंमत सांगतो, कारण पोरं दर महिन्याला यात फसतात. अमेरिकन 42 गेज म्हणजे 0.063 मिलिमीटर. लोहार चाळीत जाऊन "बेचाळीस द्या" म्हटलं की दुकानदार इंग्रजी गेजने देतो, ती 0.1 मिलिमीटर. तिचे निम्मे वेढेही या तुकड्यावर मावत नाहीत. आपल्याकडे 46 मागायची.

आणि ते ओम! लोक मल्टिमीटर लावून येतात, "माझा पिकअप जास्त हॉट आहे" म्हणतात, म्हणजे जास्त जोरदार. धड राहिलेली कॉइल माझ्या टेबलावर 5.68 किलोओम दाखवत होती. पंखा बंद, खोलीत 33 अंश. तीच वीस अंशांवर 5.4 दाखवेल, कारण तांब्याचा रोध अंशामागे साधारण 0.39 टक्के वाढतो. मे महिन्यात सगळ्यांचेच पिकअप हॉट होतात. म्हणून मी आकड्यामागे न लागता धड जोडीदारीण समोर ठेवली आणि एकाच खोलीत, एकाच वेळी दोघी मोजल्या.

चुंबकं घासली, लॅकरचे दोन हात दिले, रात्रभर सुकवली. होकायंत्राने दिशा तपासून वेढे भरले. वायर चिमटीतून हाताने सोडली, मुद्दाम थोडी इकडेतिकडे, कारण जुनं काम यंत्रासारखं सरळ ओळीत बसलेलं नव्हतं. वेढे विस्कळीत असले की वायर वायरला कमी चिकटते, कॉइलची स्वतःची कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, घटते आणि वरचे सूर मोकळे राहतात. ताण जास्त झाला तर वायर लांबते किंवा तुटते, कमी झाला तर पिकअप टेबलावरची टिचकीसुद्धा ऐकवतो. शेवटी पासष्ट अंशांच्या मेणात बुडवला, बुडबुडे थांबेपर्यंत. 5.66. चुंबकांची ताकद दोन्ही तुकड्यांत सारखी. जम्पर काढून जोडला आणि घूं गायब. त्या शांततेचा मला फार अभिमान वाटला, खोटं का बोलू.

अंकल आले तेव्हा आधी जम्परचं सांगून टाकलं. मी सावंतवाडीचा, त्यांचं कोंकणी मला कळतं, म्हणून तेही मोकळेपणाने बोलतात. "म्हाका याद आसा पुता," म्हणाले, "सोमवारी ये म्हणाला होतास. पण वाजत होता ना, मग कशाला?"

मग बसून वाजवू लागले आणि मी बघत राहिलो. बोटं फक्त ई आणि ए तारेवर. वरचा सूर हवा की डीवर यायच्या ऐवजी ए तारेवरूनच मानेवर सात, नऊ, बारा पडद्यांपर्यंत धावत जायचे. बारा वर्षांत सगळं वाजवणं दोन तारांवर नेऊन ठेवलेलं. मी म्हटलं, अंकल, आता जीसुद्धा आहे. त्यांनी जी छेडली आणि दचकले.

"खूप वर येते. खाली कर."

दोन्ही तुकड्यांची उंची वेगवेगळी लावता येते. मी डी-जीचा स्क्रू अर्धा आटा पिळला. मीटर म्हणतो दोन्ही सारख्या. पण माझ्या वायरचं इनॅमल आजचं आहे, जाडी जुन्यासारखी असेलच असं नाही, त्याने कपॅसिटन्स बदलली असेल, माझी कॉइल खरंच वरच्या सुरांत जास्त उघडी असेल. किंवा त्यांच्या कानाला बारा वर्षं जी नव्हतीच, आता कितीही असली तरी जास्तच वाटणार. यातलं कुठलं खरं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"आनीक मात्शें सकयल," अंकल म्हणाले. आणखी अर्धा. मग एक पूर्ण. तुकडा जवळजवळ लाकडाला टेकला, तेव्हा त्यांनी डोळे मिटून ए तारेवरून एक लांब चाल घेतली.

"पुरो."