हात हलवत आलेले सिनेमे

पुण्यात जपानी शिकवायला लागून मला आता बरीच वर्षं झाली. पहिल्या तासाला मी प्रत्येकाला विचारते, जपानी कशासाठी? पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं : कंपनी पाठवणार आहे. आता निम्मी मुलं जरा लाजत ‘ॲनिमे’, म्हणजे जपानी ॲनिमेशन, म्हणतात, आणि गणपती-दिवाळीपर्यंत त्यांतलं कोणीतरी तास संपल्यावर दाराशी रेंगाळतंच. “सेन्सेई, एक विचारू? जपानमध्ये गेमवरून एवढे सिनेमे निघतात, ते आपल्याकडे का लागत नाहीत?” पालकही विचारतात, पण त्यांचा रोख वेगळा. “मॅडम, गेमवरच्या सिनेमात बघण्यासारखं असतं तरी काय?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकाच दुपारी, एकाच थिएटरात मिळालं.

२००९च्या उन्हाळ्यात मी नागोयात नोकरीला होते. जपानचा उन्हाळा म्हणजे जुलै-ऑगस्ट, शाळांना सुट्टी. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला ऐन वेळी काम निघालं आणि त्याच्या आठ वर्षांच्या मुलाला पोकेमॉनचा नवा सिनेमा दाखवून आणायची जबाबदारी माझ्यावर आली. मला वाटलं, खिडकीवर जाऊन तिकीट काढायचं. पोराने खिशातून स्वतःचं तिकीट काढून दाखवलं. ‘माएउरिकेन’, म्हणजे सिनेमा लागायच्या कितीतरी आधी विकतात ते आगाऊ तिकीट. पोकेमॉन म्हणजे गेममध्ये गोळा करायचे आणि लढवायचे काल्पनिक प्राणी. त्या तिकिटावर त्याला त्याच्या गेममध्ये पिचू नावाचा एक पोकेमॉन मिळून गेला होता, साधा नाही, पिकाचूच्या रंगाचा. सिनेमा अजून बघायचाच होता आणि तिकिटाचे अर्धे पैसे वसूलही झाले होते.

थिएटरात शिरलो तर जवळजवळ प्रत्येक मुलाच्या हातात निन्टेन्डो डीएस, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं छोटं यंत्र. दिवे मंद झाले तरी अंधार पडेना, कारण सगळीकडे खालून उजेड आलेले छोटे छोटे चेहरे. त्या वर्षी भेट मिळणारा पोकेमॉन आर्सेउस. थिएटरात बसलेल्या प्रत्येकाच्या यंत्रात तो वायरलेसने उतरायचा, आणि थिएटरातच उतरायचा. घरी बसून मिळायची सोय नव्हती.

मी आपलं संभाषण करायचं म्हणून विचारलं, “ॲश तुला आवडतो का?” पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. कोण ॲश? मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने मोठ्या माणसाच्या सहनशीलतेने दुरुस्ती केली : “सातोशी.” आपल्याकडे टीव्हीवर हिंदीत जे पोकेमॉन आलं ते इंग्रजी आवृत्तीवरून आलं, त्यामुळे सातोशीचा ॲश आणि कासुमीची मिस्टी झालेली. जपानी भाषेची परीक्षा पास झालेली मी, आणि नायकाचं नाव मला ठाऊक नव्हतं.

सिनेमा संपला. जपानी प्रेक्षक शेवटची नावं संपून दिवे लागेपर्यंत जागचे हलत नाहीत, तसे आम्हीही बसून राहिलो. बाहेर आल्यावर त्याच्या बाबांचा फोन आला. काय, कसा होता सिनेमा? पोरगा ओरडला, “मोरात्ता!”

‘मोरात्ता’ म्हणजे मिळाला. आवडला नाही, पाहिला नाही, मिळाला. ‘मोराऊ’ हे क्रियापद शिकवताना मी आजही हेच उदाहरण देते.

बाहेर पडताना मी पॅम्फलेट विकत घेतलं. तिथे प्रत्येक सिनेमाची अशी गुळगुळीत कागदाची पुस्तिका निघते आणि लोक ती जपून ठेवतात. गाडीत बसून चाळताना अगदी बारीक अक्षरांतल्या हक्कांच्या ओळीवर नजर गेली. निन्टेन्डो, क्रीचर्स, गेम फ्रीक, टीव्ही तोक्यो, शोप्रो, जेआर किकाकु. पहिली तीन नावं गेमवाल्यांची. टीव्ही तोक्यो हे चॅनल. शोप्रो म्हणजे शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या घरातली कंपनी. शेवटचं नाव वाचून मी चक्रावले. जेआर किकाकु ही रेल्वेची जाहिरात कंपनी, पूर्व जपान रेल्वेची. रेल्वेचा पोकेमॉनशी काय संबंध? संबंध असा, की १९९७पासून कितीतरी वर्षं तोक्यो भागात उन्हाळ्याच्या सुट्टीत पोकेमॉनचा शिक्क्यांचा खेळ चालायचा. मुलं छोटी वही घेऊन या स्टेशनवरून त्या स्टेशनवर जायची आणि प्रत्येक ठिकाणी शिक्का मारून घ्यायची. मुलाबरोबर आई, आईबरोबर धाकटं भावंड, आणि सगळ्यांचं तिकीट. सुट्टीत ऑफिसची गर्दी कमी झाली तरी रेल्वेचे डबे रिकामे जात नसत.

अशा कंपन्यांच्या गटाला म्हणतात ‘सेइसाकु इइनकाइ’, निर्मिती समिती. जपानी ॲनिमेचे बहुतेक सिनेमे असेच निघतात. एकटा निर्माता घर गहाण टाकून सिनेमा काढतोय, असा प्रकार क्वचित. पाच-सहा कंपन्या वर्गणी काढतात आणि प्रत्येकीला आपापला तुकडा मिळतो : एकीला टीव्हीचे हक्क, एकीला पुस्तकं, एकीला गाणी, एकीला खेळणी. चित्रं काढणाऱ्या स्टुडिओला सहसा ठरलेली रक्कम मिळते. तो समितीत पैसे घालून बसलेला नसेल तर सिनेमा कितीही चालला तरी त्याच्या ताटात जास्तीचं काही पडत नाही. तोट्याची वाटणी होते म्हणून सगळे खूश. पण पोस्टरवरचा रंग बदलायचा तरी प्रत्येकाची मान डोलावी लागते, आणि गेमच्या मालकाची ‘कान्शू’, म्हणजे तपासणी, वेगळीच. हातात कोणता चेंडू, शेपटीला किती वळणं, सगळं त्यांच्या नजरेखालून जातं.

म्हणजे सिनेमा हा या सगळ्या व्यवहाराचा एक तुकडा. हळदीकुंकवाला गेलं की वाण मिळतंच, पण वाणासाठी कोणी जात नाही असं मात्र म्हणू नका. तिथे थिएटरात मिळणाऱ्या अशा वाणाला प्रवेशाची भेट असं सरळ नावच आहे. ‘फेट’ या गेमवरच्या ‘हेवन्स फील’ या तीन सिनेमांच्या मालिकेला (२०१७ ते २०२०) तर दर आठवड्याला भेट बदलायची आणि वयाने मोठी माणसं तोच सिनेमा पुन्हा पुन्हा बघायची.

हे आजचं नाही. सुपर मारिओचा गेम सप्टेंबर १९८५मध्ये आला आणि २० जुलै १९८६ला, उन्हाळ्याची सुट्टी लागता लागता, त्यावरचा ॲनिमे सिनेमा थिएटरात होता. जेमतेम तासाभराचा. त्यात मारिओ वाण्याचं दुकान चालवतो आणि रात्री गेम खेळत बसलेला असताना राजकन्या टीव्हीतून बाहेर पडते. कल्पना झकास आहे, आणि शेवटी राजकन्येचं लग्न दुसऱ्याशीच ठरलेलं निघतं हे तर आणखी झकास. पण सिनेमाचं काम गेमला हातभार लावायचं होतं. ते झालं. एक व्हिडिओ कॅसेट निघाली आणि पुढे डीव्हीडीसुद्धा कोणी काढली नाही. अखेर २०२२मध्ये चाहत्यांनीच जुनं रीळ मिळवून, स्कॅन करून, स्वच्छ करून ठेवलं.

आता बाहेर पाठवण्याचं बघा. ‘स्ट्रीट फायटर’ या मारामारीच्या गेमवरचा १९९४चा ॲनिमे सिनेमा सुगिई गिसाबुरो यांनी केला. माणूस गंभीर, हळव्या सिनेमांसाठी नावाजलेला, आणि मारामारीचा सिनेमाही त्याने मन लावून केलाय. त्यात शिनोहारा र्योको यांनी गायलेलं एक गाणं आहे. जपानमध्ये त्याच्या वीस लाखांवर प्रती खपल्या. सिनेमा अमेरिकेत गेला तेव्हा ते गाणं वगळलं आणि जागोजागी इंग्रजी रॉक भरलं. तिथल्या प्रेक्षकाला शिनोहारा कोण हेच माहीत नव्हतं, आणि तिथे खपवायच्या कॅसेटी वेगळ्या होत्या. चित्र तेच राहिलं, पण भोवतालची दुकानं बदलली म्हणून आतला आवाजही बदलला.

पोकेमॉनचा पहिला सिनेमा जपानमध्ये जुलै १९९८मध्ये आला आणि अमेरिकेत नोव्हेंबर १९९९मध्ये, वॉर्नर ब्रदर्सकडून. तिथे त्याने साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला. तो का चालला हे मला नागोयाच्या त्या दुपारनंतर कळलं : अमेरिकेतही तिकिटाबरोबर पोकेमॉनचं कार्ड मिळत होतं. वितरकाने नुसती फिल्म उचलली नव्हती, वाणासकट उचलली होती. संवादांना मात्र बरीच कात्री आणि ठिगळं लागली. जपानीत त्यातला म्यूट्टू हा पोकेमॉन विचारत असतो, मी कोण, मला जन्माला घाला असं मी कोणाला सांगितलं होतं? इंग्रजीत त्याचा जग जिंकायला निघालेला खलनायक झाला आणि शेवटी ‘मारामारी वाईट’ अशी शिकवण चिकटवली. ज्या गेममध्ये मारामारीशिवाय दुसरं काही नाही, त्याच्या सिनेमात! पालकांनो, बघण्यासारखं काय असतं असं विचारत होतात ना, तर तो सिनेमा जपानीत बघा. एका प्रयोगशाळेत तयार झालेल्या जिवाचा राग इतका सरळ मांडलेला मी फार कमी ठिकाणी पाहिलाय. नागोयात पाहिलेला आर्सेउसचा सिनेमा ठीकठाकच होता, हेही सांगून टाकते.

वाणाशिवाय निव्वळ सिनेमा म्हणून उभं राहायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. ‘फायनल फँटसी’ या गेममालिकेचे जनक साकागुची हिरोनोबु यांनी होनोलुलूत वेगळा स्टुडिओ उभारला आणि २००१मध्ये संपूर्ण संगणकावर केलेला सिनेमा आणला, ज्याने गेमला हातही लावलेला नाही अशा जगभरच्या प्रेक्षकासाठी. नायिकेच्या डोक्यावर साठ हजार केस, प्रत्येक केस वेगळा हलणारा. खर्च १३ कोटी ७० लाख डॉलर आणि जगभरातून गल्ला साधारण साडेआठ कोटी. पुढच्याच वर्षी स्टुडिओला कुलूप. मी तो नंतर पाहिला. केस खरोखर सुंदर आहेत. पण सिड नावाचा म्हातारा शास्त्रज्ञ सोडला तर गेमवाल्याला ओळखीचं असं त्यात जवळपास काहीच नाही, आणि बिनगेमवाल्याला त्या नावाचं कौतुक असण्याचं कारण नव्हतं. ना घरचा ना घाटचा.

‘फायनल फँटसी’ काढणाऱ्या कंपनीने २००५मध्ये बरोबर उलटं केलं. त्याच मालिकेतल्या १९९७च्या गेमची कथा दोन वर्षं पुढे नेणारा सिनेमा काढला, आधीचं काही म्हणजे काही समजावून सांगितलं नाही, आणि जपानमध्ये थेट डीव्हीडीवर विकायला ठेवला. पहिल्याच आठवड्यात चार लाखांवर प्रती गेल्या. मला त्यातलं अर्धं कळलं नाही. माझ्यासाठी केलेलाच नव्हता, तक्रार कसली करणार?

आता आपल्याकडे या. पोकेमॉनचे सिनेमे हिंदीत टीव्हीवर लागले, मुलांनी आवडीने पाहिलेही, पण ते आले हात हलवत. डीएस कितीशा घरांत होता? त्यामुळे आर्सेउस उतरायचा कशात? भेट नाही, आगाऊ तिकीट नाही, शिक्के नाहीत. आणि त्या बारीक अक्षरांतल्या प्रत्येक मालकाची परवानगी काढून, डबिंग करून, पडदे मिळवून, हाती काय लागणार हा हिशेब वितरकाने केला तर त्याला नावं ठेवता येत नाहीत. २०१९मध्ये दिग्दर्शक शिनकाई माकोतो यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा ॲनिमे सिनेमा इथल्या थिएटरांत आला तो हजारो चाहत्यांनी सह्या करून मागणी केली म्हणून. पण तो गेमवरचा नव्हता. त्याला स्वतःच्या पायांवर उभं राहता येत होतं.

आणि काही जण तर घरातून बाहेरच पडले नाहीत. निन्टेन्डोच्या ‘दोबुत्सु नो मोरी’वरचा, म्हणजे जगभर ‘ॲनिमल क्रॉसिंग’ म्हणतात त्यावरचा सिनेमा डिसेंबर २००६मध्ये जपानात लागला. इंग्रजीत तो अधिकृतपणे कधी आलाच नाही. आई नावाची एक मुलगी (आपली आई नव्हे, तिचं नावच आई) प्राण्यांच्या गावात राहायला येते. ना युद्ध, ना खलनायक. शेजारपाजार, किडे पकडणं, शिंपले गोळा करणं. मला तो फार आवडतो, आणि सोपं बोलीतलं जपानी असल्यामुळे वर्गालाही चालतो.

त्याची डीव्हीडी मी नागोयाच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणली होती. इथल्या प्लेयरमध्ये घातली तर ढिम्म. जपानचा प्रदेश क्रमांक २, आपला ५. चकतीवरच कुंपण घातलेलं. शेवटी माझ्या तिकडच्या जुन्या लॅपटॉपवर ती चालते. त्याची बॅटरी मेलेली, वायर एका ठरावीक कोनात धरावी लागते. गेल्या महिन्यात पुढच्या बाकावरच्या मुलाने ती वायर दीड तास धरून ठेवली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून सिनेमा पाहिला. साली नावाची हत्तीण गाव सोडून जाते तिथे मी थांबवून ‘हिक्कोशी’ हा शब्द फळ्यावर लिहिला : घर बदलणं, बिऱ्हाड हलवणं. कोणी वहीत उतरवून घेतला नाही. सगळे पडद्याकडेच बघत होते.

तास संपला. सगळे गेले, वायर धरणारा मागे राहिला.

“सेन्सेई, हा गेम कितीला मिळतो?”