भिंतीवरचं दुसरं घड्याळ

वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांत हल्ली एखाद्या ओसरीत दोन घड्याळं दिसतात. एक लग्नात आहेर आलेलं, गणपतीच्या चित्राचं. शेजारी दुसरं, जरा लहान आणि साडेचार तास मागे. दुपारी टेकलेला पाहुणा म्हणतो, "सेल संपला वाटते याचा." घरचे म्हणतात, "नाही जी, ते लीड्सचं आहे, इंग्लंडातलं. पोरं तिकडं राहतात."

साडेचार तासांचा हा फरक उन्हाळ्यापुरताच. मार्चच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमधली घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. म्हणजे हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा. मोबाईल आपला आपण बदलतो, भिंतीवरच्याला स्टुलावर चढून बदलावं लागतं, आणि चढणारा हमखास काटा उलट्या बाजूला फिरवतो. खूण सोपी आहे: इकडे कापूस वेचणीला आला की तिकडचं घड्याळ मागे. खरं तर हिवाळ्यात हे दुसरं घड्याळ लागतच नाही. मनगटावरचं काट्याचं घड्याळ उलटं धरायचं, बाराचा आकडा खाली. आपले अडीच वाजले असले की त्यात तिकडचे नऊ दिसतात. तासकाटा अर्धं घर मागे राहतो, तेवढं चालवून घ्यायचं.

नोकरीवाल्यांचं या फरकामुळे काही अडत नाही. अडतं ते पोरांना घरी शिकवणाऱ्यांचं. वर्षाच्या मध्येच बदली होऊन गेलेल्या कुटुंबाला जवळच्या शाळेत जागा मिळेलच असं नाही. नाव प्रतीक्षा यादीत जातं, कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, दूरची शाळा सुचवते, आणि मग आई म्हणते, तोवर मीच शिकवते. इंग्लंडचा 1996 चा शिक्षण कायदा आडवा येत नाही. त्याच्या कलम 7 प्रमाणे मुलाला वयाला आणि कुवतीला साजेसं पूर्णवेळ शिक्षण मिळावं ही जबाबदारी आईबापांची. ते शाळेत द्या नाहीतर दुसऱ्या मार्गाने द्या. साध्या शाळेतून नाव काढायचं तर मुख्याध्यापकांना पत्र पुरतं. विशेष शाळा असेल तर मात्र कौन्सिलची संमती लागते. स्कॉटलंडमध्ये सरकारी शाळेतून काढायलाही लागते. आणि जर्मनीत बदली झाली तर हा विषयच संपला, तिथे शाळा सक्तीची आहे.

तिकडे सकाळी दहाला वह्या उघडतात. इकडे मे महिन्यात तेव्हा अडीच वाजलेले असतात, म्हणजे फोनवरून गणित शिकवणारे गावचे आजोबा, आबाजी, कुलरसमोर आडवे. डिसेंबरात साडेतीन, म्हणजे आबाजी हरभऱ्याला पाणी देत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. शेतीपंपाची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तिच्या पाळीवर गणिताचा तास ठरतो. पाच मिनिटं इकडेतिकडे झाली की, "काहून वं पोरी, आज फोन नाही लावला?"

आबाजींकडे पुस्तक नसतं, सातबारा असतो. दशांश अपूर्णांकांना याहून चांगलं पुस्तक मिळणं कठीण. क्षेत्र 1.21 हेक्टर, म्हणजे 1 हेक्टर 21 आर. एका आरात शंभर चौरस मीटर, हेक्टराला 2.471 एकर. गुणाकार केला की 2.99 येतात. आबाजी जन्मभर "तीन एकर" म्हणत आलेले, पोरगी म्हणते कमी भरतंय. किती कमी? एका एकरात चाळीस गुंठे, गुंठ्यात 1,089 चौरस फूट. उत्तर साधारण 437 चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याच्याही आत. एवढ्या जागेवरून धुऱ्याची भांडणं कोर्टात गेलेली आहेत, ते आबाजी सांगत बसतात आणि इतिहासाचा तासही त्यातच होतो. मग पराटी, म्हणजे कपाशी. दोन ओळींत चार फूट, दोन झाडांत दीड फूट, एका झाडाला सहा चौरस फूट. एकराचे 43,560 भागिले सहा, 7,260 झाडं. डोबलेलं सगळंच बी उगवत नाही. दहा टक्के तुटाळ धरली की उरतात 6,534. शेकडेवारी तिथेच कळते.

पाढ्यांचं मात्र जमत नाही. दिवा लागल्यावर ओसरीवर रांगेने बसून, मांडीवर ताल धरत म्हटलेली दिडकी, अडीचकी, औटकी: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. एकट्याने, तेही पडद्यासमोर, तो सूर लागत नाही. आवाज अर्धा सेकंद मागे पडतो आणि आजोबा-नात एकमेकांच्या पुढेमागे धावतात. त्यापेक्षा आबाजींनी म्हणून पाठवलेलं रेकॉर्डिंग बरं. माझं मत, पाढे गर्दीत पाठ होतात.

भाकरीचा तास निराळा. तिकडच्या पाकिटातलं जवारीचं पीठ जुनं झालेलं असलं की थापताना कडा चिरतात. त्याला इलाज उकळतं पाणी. वाटीभर पिठाला पाऊण ते एक वाटी, चमच्याने कालवून दहा मिनिटं झाकायचं, मग हाताला सोसेल तेवढं गरम असतानाच मळायचं. इंडक्शनवर घरून नेलेला ॲल्युमिनियमचा तवा तापत नाही, खापर तर नाहीच. बिडाचा तवा तापतो.

आठवी-नववीच्या वयापर्यंत असं सगळं गमतीत जातं. पुढे सोळाव्या वर्षाच्या जीसीएसई परीक्षा येतात, तिकडची दहावीच, आणि घरी शिकणाऱ्याला बाहेरून बसू देणारं केंद्र आईबापांनीच शोधायचं, दर विषयाची फीही त्यांनीच भरायची. शाळेतल्या शिक्षकाने तपासायचं प्रकल्पकाम असलेले विषय अशा मुलांना अडचणीचे होतात, म्हणून बहुतेक जण नुसत्या लेखी परीक्षेचे आंतरराष्ट्रीय जीसीएसई घेतात. परीक्षा मे-जूनमध्ये, नावं मात्र कित्येक महिने आधी द्यावी लागतात. गावी परतायचं असेल तर चौदापर्यंत चिंता नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने वयानुसार वर्गात बसवून घेतात. त्यापुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी, तिलाही वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. बदली कधी संपणार ते कंपनीच ठरवते, आणि पोरीला नुकतंच तेरावं लागलं आहे.