ढालीवरचा मोर

जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये शिरल्यावर लोक साहजिकच मान वर करून छत आणि वेदी पाहतात. मी मात्र त्या दिवशी खाली मान घालूनच हिंडत होतो. तिथली फरसबंदीच थडग्यांच्या शिळांची आहे आणि त्यांपैकी कित्येकींवर पोर्तुगीज घराण्यांच्या ढाली, म्हणजे ढालीच्या आकारातली त्यांची कुलचिन्हे, कोरलेल्या आहेत. एका ढालीवरचा प्राणी पावलांनी इतका झिजला होता की तो सिंह होता की कुत्रा, हे वाकून पाहिले तरी ठरेना. आपल्या घराण्याची अशी एक ढाल असायला हवी होती, या खुळाने मला पछाडले ते तिथेच.

आमचे आडनाव मोरे, त्यामुळे ढालीवर काय काढायचे हा प्रश्न सुटल्यातच जमा होता. नावावर कोटी करणारे चिन्ह घेण्यात मध्ययुगीन युरोपाला काही कमीपणा वाटत नसे: कॅस्टिलच्या राजांनी किल्ला घेतला, लिऑनच्या राजांनी सिंह घेतला आणि बर्न शहराने अस्वल घेतले. पिसारा फुलवून समोर तोंड करून उभ्या राहिलेल्या मोरासाठी तर इंग्लंडच्या ढालशास्त्रात, म्हणजे हेराल्ड्रीत, ‘इन हिज प्राइड’ असा खास शब्दप्रयोगच आहे. आपण त्याला ‘आपल्या तोऱ्यात’ म्हणू.

पहिला आराखडा मी हौसेने रंगवला. हिरव्या जमिनीवर निळा मोर, वर भगवा पट्टा, मागे सह्याद्रीची रांग, एका कोपऱ्यात नांगर आणि दुसऱ्या कोपऱ्यात, माझ्या व्यवसायाचा मान राखून, लेखणी. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघराच्या दारातूनच तो पाहिला आणि विचारले, “पतसंस्थेचं बोधचिन्ह काढताय का?”

तिला ढालशास्त्राचा गंध नव्हता, पण तिची कसोटी अस्सल मध्ययुगीन होती. बाराव्या शतकात या रंगीत ढाली रूढ होऊ लागल्या, तेव्हा शिरस्त्राणात चेहरा झाकलेला सरदार धुळीतून, दुरून, एका नजरेत ओळखू येणे हाच मुद्दा होता. म्हणून सारा खेळ मोजक्या रंगांचा: सोने आणि रुपे हे दोन धातू, म्हणजे व्यवहारात पिवळा आणि पांढरा, लाल, निळा, काळा, हिरवा आणि क्वचित जांभळा हे रंग, शिवाय अर्मिनसारखी एकदोन केसाळ कातडी. नियम असा की धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही. जेरुसलेमच्या राज्याने चांदीवर सोन्याचे क्रूस घेऊन हा नियम उघडउघड मोडला खरा, पण जेरुसलेमला जे शोभले ते मोऱ्यांना शोभेलच असे नाही. माझा हिरव्यावरचा निळा मोर दहा पावलांवरून शेवाळात बुडालेला दिसत होता. टॅक्सीच्या पाटीवर पिवळ्यावर काळे आकडे का असतात, हे मला त्या दिवशी नव्याने कळले.

मग काढून टाकण्याचे काम सुरू झाले, आणि ते काढण्यापेक्षा कितीतरी अवघड निघाले. डोंगर गेले, नांगर गेला. लेखणीसाठी मी दोन दिवस अडून बसलो. जुन्या ढाली पाहिल्या की आपल्या भरगच्चपणाची लाज वाटते. 1385 साली इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या स्कॉटलंड मोहिमेत रिचर्ड स्क्रोप आणि रॉबर्ट ग्रोव्हनर हे दोघे एकच ढाल घेऊन उतरले, आणि त्यावरून वर्षानुवर्षे खटला चालला. त्या ढालीवर होते काय, तर निळ्या जमिनीवर सोन्याचा एक तिरपा पट्टा, बस्स! साक्षीदारांमध्ये कवी जेफ्री चॉसरही होता. लंडनच्या रस्त्यावर एका घराबाहेर टांगलेली ही ढाल पाहून आपण ‘हे स्क्रोपांचे बिऱ्हाड का?’ असे विचारले, तेव्हा ती ग्रोव्हनरांची असल्याचे उत्तर मिळाले आणि ते नाव आपण तेव्हा प्रथमच ऐकले, असे त्याने सांगितले. खटला स्क्रोपने जिंकला. ग्रोव्हनरांनी पट्टा सोडून सोन्याची गव्हाची पेंढी घेतली, आणि खरे सांगायचे तर ती पट्ट्यापेक्षा देखणी आहे.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. ढाल म्हणजे चित्र नव्हेच; ढाल म्हणजे तिचे शब्दांतले वर्णन. त्याला ब्लेझन म्हणतात. आधी जमिनीचा रंग सांगायचा, मग तिच्यावर काय आहे, कोणत्या ढंगात आणि कोणत्या रंगात, ते सांगायचे. उजवी बाजूही पाहणाऱ्याची नव्हे, तर ढाल धरणाऱ्याची मानायची. वर्णन पाळले की सिंह गुबगुबीत काढायचा की काटकुळा, ही चित्रकाराची मर्जी.

आमचे वर्णन शेवटी एका ओळीत बसले: ‘सोन्याच्या जमिनीवर निळा मोर, आपल्या तोऱ्यात.’ चित्र न दाखवता मी ती ओळ भाच्याला फोनवर सांगितली आणि ढाल काढून पाठवायला सांगितले. संध्याकाळी आलेल्या कागदावर, पिवळ्याधमक ढालीच्या मधोमध, पाठीला सूप बांधलेली एक निळी कोंबडी उभी होती. मी नियम पुन्हा एकदा तपासून पाहिले. हरकत घ्यायला जागा नव्हती.