ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वर, आणि न उघडणारी डिकी

पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा आणि मग हरिहरेश्वर. पाऊस ओसरायला लागला की हा रस्ता धरावा. धबधबे अजून आटलेले नसतात आणि घाटातली गर्दीही उतरलेली असते. या वाटेचं वर्णन पुष्कळांनी केलंय, म्हणून ते सोडते. मुक्कामी पोहोचल्यावर गाडीची डिकी उघडेना, त्याबद्दल सांगते. हॅचबॅक घेऊन पावसात कोकणात उतरणाऱ्या कुणावरही ही पाळी येऊ शकते.

सामान सगळं आत, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसकट. डिकीवरचं बटण दाबलं, किल्लीवरचं दाबलं, दार ढिम्म. चारही दारांचं लॉक मात्र नीट चालत होतं, त्यामुळे बॅटरी आणि किल्लीतला सेल यांच्यावर संशय घ्यायचं कारण नव्हतं.

अशा वेळी बटणावर बोट आपटत बसण्यात अर्थ नसतो. एकाने बटण दाबावं, दुसऱ्याने डिकीला कान लावावा. आतून ‘खट्’ असं ऐकू आलं तर वीज पोहोचतेय आणि अडकलंय ते यंत्र: ठासून भरलेल्या बॅगा आतून रेटत असतात, दाराचं रबर चिकटलेलं असतं, किंवा कुलपात वाळू आणि गंज असतो. मग एकाने दार तळहाताने आत दाबून धरायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने बटण दाबायचं. बरेचदा तेवढ्याने सुटतं. पहार, पाना असलं काही फटीत घालू नका. काच तडकली तर खर्च कुठल्या कुठे जातो.

आमच्याकडे आवाजच नव्हता. म्हणून आतून उघडायचं ठरलं. मागच्या सीटची पाठ पुढे पाडली, बॅगा एकेक करून पुढे ओढल्या (गोळ्या तिथेच मिळाल्या, आईचा जीव भांड्यात पडला) आणि भाऊ टॉर्च घेऊन आत सरपटला. बऱ्याच हॅचबॅकमध्ये दाराच्या आतल्या प्लास्टिकवर, कुलपाच्या जवळपास, एक छोटं झाकण किंवा नुसतं भोक असतं. त्यात चपटा स्क्रूड्रायव्हर घालून आतली पट्टी सरकवली की कुलूप सुटतं. भोक नेमकं कुठे आणि पट्टी कुठल्या बाजूला ढकलायची, ते गाडीच्या पुस्तकात असतं. काही मॉडेलांत भोक नसतंच, तिथे प्लास्टिकचं पॅनेल काढावं लागतं. ते अंधारात ओढू नका, क्लिपा तुटतात. आणि गंमत म्हणजे गाडीची हत्यारं बहुधा त्याच बंद डिकीच्या तळाशी, स्टेपनीपाशी असतात. आम्हाला स्क्रूड्रायव्हर लॉजवाल्या काकांनी दिला. आता एक डॅशबोर्डच्या कप्प्यात कायमचा आहे.

दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनला गाडीचं इलेक्ट्रिक काम करणारा एकजण सापडला. त्याने बटणाकडे बघितलंही नाही. म्हणाला, “ताई, ब्रेक दाबा जरा.” मागच्या काचेवरचा तिसरा दिवा लागला नाही. मागचा वायपरही बंद, नंबरप्लेटवरचा दिवाही बंद. तिथेच निदान झालं. छप्पर आणि डिकी यांच्यामध्ये, बिजागरीजवळ, एक रबरी नळी असते. या सगळ्याच्या वायरी त्यातूनच जातात. दार उघडताना-मिटताना त्या रोज वाकतात आणि वर्षांनंतर तुटतात. रबर खाली ओढल्यावर तुटलेली टोकं दिसली, एकाचं तांबं पाण्याने हिरवं पडलेलं. बाकी सगळं चालू असतं आणि फक्त डिकीच मुकी असती, तर बटणातला स्विच पाणी जाऊन खराब झालाय का किंवा कुलपाची मोटर गेलीय का ते आधी पाहिलं असतं, असं तो म्हणाला. ही ब्रेकच्या दिव्याची तपासणी तर कुणालाही रस्त्यात करता येते, एवढं कळलं असतं तर मी रात्री फ्यूज उचकटत बसले नसते.

दुरुस्ती करून घेताना वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळू देऊ नका, पुढच्या पावसात परत तेच. मधला तुकडा नव्या लवचिक वायरचा हवा, सांधे डाखलेले (सोल्डर केलेले) हवेत, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी, आणि सांधे वाकणाऱ्या जागेपासून दूर, एकमेकांसमोर न येतील असे. एक वायर तुटली असेल तर शेजारच्याही तपासायला सांगा. आणि काम हातात घेण्याआधी बॅटरीच्या वजा (निगेटिव्ह) टोकाची वायर काढली का, हे बघा. उघड्या वायरी एकमेकींना लागल्या की फ्यूज उडतो.

गॅरेज मिळेपर्यंत डिकी बंद केली तरी चालते, पण सामान मागच्या सीटवर ठेवा आणि रात्री शक्यतो गाडी काढू नका, कारण नंबरप्लेट अंधारात असते. दार वर धरणारे दांडे मऊ पडले असतील तर आत वाकताना कुणाला तरी दार धरायला उभं करा.

आम्ही पुढे बागमांडल्याहून फेरीने वेसवीला उतरून केळशीकडे गेलो. हरिहरेश्वरची खडकांवरची प्रदक्षिणा करायची असेल तर भरतीची वेळ देवळापाशी विचारून घ्या. समुद्र खवळलेला असेल तर त्या वाटेला जाऊच नका.