तुम्ही विचारलंत म्हणून: कॅचमधला इफ मला का चालत नाही

‘कॅचच्या आत इफ लिहिला, अट जुळली नाही तर पुन्हा थ्रो केलं, की झालं ना तेच? मग व्हेनचा एवढा हट्ट कशाला?’ माझ्याकडे कोड रिव्ह्यूला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे विचारलंय. सी शार्प भाषेत एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅम चालताना उडालेली चूक, कॅच पकडतो आणि थ्रो पुन्हा वर फेकतो; व्हेन म्हणजे कॅचलाच जोडलेली अट, ती जुळली तरच तो कॅच पकडतो.

तेच होत नाही. डॉटनेटचा रनटाइम, म्हणजे सी शार्पचा प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा, एक्सेप्शन दोन फेऱ्यांत हाताळतो. पहिल्या फेरीत तो फक्त पकडणारा शोधतो, आणि व्हेनची अट तेव्हाच तपासली जाते. स्टॅक, म्हणजे एकमेकींना बोलावणाऱ्या मेथडची उतरंड, मोडतो तो दुसऱ्या फेरीत. तुमचा इफ चालतो तोवर खालचं सगळं गेलेलं असतं.

व्हीबी डॉटनेट या भाषेत व्हेनची सोय 2002 पासून होती, सी शार्पमध्ये 2015 साली आली. मधल्या काळात मीही इफ-थ्रोच लिहिलं, इतरांनाही तेच शिकवलं.

मग एक रात्रीची सेवा कोसळायला लागली. तिच्यातला माझा कॅच असा: एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा एरर नंबर 1205, म्हणजे डेडलॉक (दोन कामं एकमेकांसाठी अडून बसणं), असेल तर पुन्हा प्रयत्न, नाहीतर थ्रो. डंप, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीची प्रत, उघडला. स्टॅकच्या टोकाला माझीच थ्रोची ओळ. वर माझीच कॉमेंट: ‘बाकीचे एरर वर जाऊ देत.’ ट्रेसमध्ये, म्हणजे एक्सेप्शनसोबतच्या मेथडच्या यादीत, आतल्या मेथडचं नाव होतं, पण त्या क्षणी हातात कोणती नोंद होती ते सांगणारा लोकल व्हेरिएबल तीन फ्रेम (स्टॅकमधले एकेका मेथडचे कप्पे) खाली होता, आणि त्या फ्रेम उरल्याच नव्हत्या. चार रात्री मी लॉगच्या ओळी वाढवत बसले. पाचव्या दिवशी ती अट व्हेनमध्ये हलवली. पुढच्या डंपमध्ये अख्खा स्टॅक जागेवर होता, आणि ती नोंदही: तारखेचा रकाना रिकामा. एवढंच होतं ते! तो थ्रो दुसऱ्या कुणी लिहिला असता तर मी त्याला फार बोलले असते.

आता तुमच्या बाजूचंही बोलते. व्हेनच्या अटीतच एक्सेप्शन उडालं तर ते गुपचूप गिळलं जातं आणि अट खोटी धरली जाते. शिवाय अट तपासताना आतले फायनली (शेवटची आवराआवर करणारे भाग) चाललेले नसतात, म्हणजे आतलं लॉक अजून धरलेलं असू शकतं. तिथून लॉगिंग करा असं मीच एकदा सांगितलं होतं. आज सांगणार नाही.

आणि असिंक मेथडमधून (मधेच थांबून नंतर पुढे चालू शकणाऱ्या) बाहेर पडणारं एक्सेप्शन आधी पकडून ठेवलं जातं, अवेटपाशी, म्हणजे तिच्या निकालाची वाट पाहणाऱ्या जागी, पुन्हा फेकलं जातं. त्यामुळे तिथे आतला स्टॅक व्हेनपर्यंत टिकतच नाही. आमचा नवा कोड बहुतेक असिंकच आहे. तरी रिव्ह्यूत मी व्हेनच मागते, आणि तुम्ही असिंककडे बोट दाखवलंत की माझा आवाज पूर्वीइतका चढत नाही.