बोलसोव्हर: राजाला जेवू घालणाऱ्या सरदाराचे घर

इंग्लंडच्या डर्बिशरमध्ये आलेला पर्यटक आधी चॅट्सवर्थचा प्रसिद्ध वाडा पाहायला जातो. आम्हीही गेलो, गर्दीत दमलो, आणि त्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही. बोलसोव्हरचा किल्ला मात्र डोक्यातून जात नाही. टेकडीच्या कडेवर उभ्या असलेल्या या वास्तूला किल्ला म्हणतात खरे, परंतु ती लढण्यासाठी बांधलेलीच नव्हती. चार्ल्स कॅव्हेंडिशने 1612 च्या सुमारास तिचे काम काढले आणि त्याचा मुलगा विल्यम, म्हणजे न्यूकॅसलचा अर्ल, याने ती आपल्या हौसेप्रमाणे सजवली.

ही हौस कोणत्या थराची होती, ते त्याच्या शयनगृहालगतच्या दोन खोल्यांत कळते. एकीच्या छतावर ख्रिस्त आणि देवदूत आहेत, तर दुसरीच्या छतावर विवस्त्र ग्रीक-रोमन देवदेवता निवांत पहुडल्या आहेत. खोल्या इतक्या लहान की पाठीमागच्यांच्या कोपरांमुळे मान वर करून धड पाहताही येईना, आणि त्या रेटारेटीने मी मनापासून वैतागलो; तरीही स्वर्गाच्या दोन्ही कल्पना उशाशी ठेवून झोपणाऱ्या माणसाबद्दल मला कौतुकच वाटले.

1634 मध्ये त्याने येथे इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि राणी हेन्रिएटा मारिया यांना मेजवानी दिली. त्या प्रसंगासाठी नाटककार बेन जॉन्सनकडून खास नाट्य लिहवून घेतले आणि, त्याची पत्नी मार्गारेट हिच्या लिखाणानुसार, चौदा-पंधरा हजार पौंड खर्च केले. राजकारणात पद हवे होते, म्हणून हा थाट. 1638 मध्ये ते मिळालेही: युवराजाच्या शिक्षणाची आणि संगोपनाची जबाबदारी त्याच्यावर आली.

पुढे राजा आणि संसद यांच्यातील यादवी युद्धात तो उत्तरेतील राजपक्षाचा सेनापती झाला, आणि येथे मात्र माझे कौतुक आटते. 2 जुलै 1644 रोजी मार्स्टन मूरच्या लढाईत त्याच्या पांढऱ्या डगल्यांच्या पायदळाने शरण जाण्यास नकार दिला आणि त्यातले बहुतेक तेथेच कापले गेले. पराभवानंतर लगेचच सेनापती स्कारबरोहून जहाजात बसून हॅम्बर्गला निघून गेला. दरबाराचे हसू आपल्याला सोसवणार नाही, असे तो म्हणाल्याचे सांगतात. माणसे गमावल्यावर दरबाराची काळजी? किल्ल्याच्या घोडेशाळेत उभा असताना मला याचा रागच आला.

ती घोडेशाळा मात्र अप्रतिम आहे. भर पावसातही घोड्यांना चाली शिकवता याव्यात म्हणून बांधलेल्या या लांब दालनावरचे लाकडी आढे बघत राहावे असे आहे. अँटवर्पच्या विजनवासात चित्रकार रुबेन्सचे घर भाड्याने घेऊन, उधारीवर दिवस काढतानाही, त्याने घोडे शिकवणे सोडले नाही. 1658 मध्ये त्याने अश्वविद्येवर मोठा सचित्र ग्रंथ काढला, आणि त्यातील काही चित्रांत घोड्यांच्या मागे बोलसोव्हर दिसते. जप्त झालेली ही वास्तू तोवर त्याच्या भावाने पैसे भरून सोडवली होती.

राजसत्ता परतल्यावर 1665 मध्ये त्याला ड्यूक ही पदवी मिळाली. युद्धात झालेले नुकसान मार्गारेटने 9,41,303 पौंड असे मांडले आहे. तो आकडा वाचून मला हसू आले, कारण शेवटच्या तीन पौंडांपर्यंत हिशेब ठेवणाऱ्या त्या बाईला राजाकडून त्यातले फारच थोडे परत मिळाले.