घरपट्टी जास्त वाटतेय? आधी आकारणीचा उतारा काढा

बिल हातात पडलं की बहुतेक जण तडक वॉर्ड ऑफिस गाठतात आणि ‘एवढी घरपट्टी कशी काय आली?’ म्हणून काउंटरवर वाद घालतात. त्यातून काही निघत नाही. कराची टक्केवारी महापालिकेची सभा ठरवते, काउंटरवरच्या माणसाच्या हातात ती नसते. तुम्हाला हरकत घेता येते ती करयोग्य मूल्यावर, म्हणजे ज्या रकमेवर कराची टक्केवारी लागते तिच्यावर. ते मूल्य क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि आकारणीचं वर्ष अशा मोजक्या नोंदींवरून ठरतं, आणि चूक सापडली तर तिथेच सापडते.

इथलं सगळं मुंबई सोडून इतर महापालिकांबद्दल आहे, म्हणजे जिथे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 लागू आहे आणि वार्षिक भाड्यावर मूल्य काढतात. मुंबईला 1888 चा स्वतंत्र कायदा आहे आणि तिथे 2010 पासून भांडवली मूल्याची, म्हणजे मिळकतीच्या किमतीवर कर लावायची पद्धत आहे.

हिशोब सोपा आहे. क्षेत्रफळ गुणिले दरमहा भाड्याचा दर गुणिले 12 हे झालं वार्षिक भाडं. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केले की करयोग्य मूल्य. समजा दर चौरस मीटरला 12 रुपये आहे आणि घर 70 चौरस मीटर. वार्षिक भाडं 10,080, मूल्य 9,072. आता नोंदीत बिल्डरच्या जाहिरातीतलं 85 चौरस मीटरचं सुपर बिल्ट-अप (जिना, लॉबीचा वाटा धरून वाढवलेलं क्षेत्र) चढलं असेल, तर मूल्य 11,016 होतं. म्हणजे 1,944 चा फरक, आणि त्यावरचा कर दरवर्षी मुकाट भरत राहायचा.

म्हणून पहिलं काम म्हणजे आकारणी नोंदवहीचा उतारा मिळवणं. मालमत्ता क्रमांक टाकून साधा अर्ज करा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात मागा आणि उताऱ्यासोबत मोजणीचा तपशील व त्या इमारतीला लावलेला दरही मागा. उतारा आला की खरेदीखत, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघा. चौरस फूट आणि चौरस मीटरची गल्लत अजूनही होते: 1 चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. तुमची महापालिका चटई क्षेत्र (भिंतींच्या आतलं) धरते की बांधीव (भिंतींसकट), हे विचारून घ्या, नाहीतर तुमची तक्रारच चुकीच्या आकड्यावर उभी राहील.

वापराची चूक ओळखायला बिलच पुरतं. बिलात रोजगार हमी उपकर दिसतोय का बघा. तो बिगरनिवासी मिळकतींवर लागतो. राहत्या घराच्या बिलात तो आला, तर तुमचं घर किंवा त्यातली एखादी खोली नोंदीत बिगरनिवासी आहे, हे नक्की समजा. पूर्वीच्या मालकाचा दवाखाना किंवा क्लास बंद होऊन वर्षं उलटली तरी ही नोंद तशीच राहते, कारण वापर बदलल्याचं कोणी कळवलेलंच नसतं. पुण्यात आणखी एक गोष्ट तपासायची: स्वतः राहत असाल तर 40 टक्क्यांची सवलत लागली आहे का. नसेल तर ती हरकतीची बाब नाही, त्यासाठी पीटी-3 अर्ज असतो.

शेजाऱ्याच्या बिलाशी तुलना करणं हा लोकांचा आवडता मुद्दा, आणि सुनावणीत सगळ्यात लवकर पडणाराही तोच. जुन्या इमारतीची आकारणी जुन्या दराने झालेली असते. त्याच इमारतीतला, तेवढाच आणि त्याच वर्षी आकारलेला फ्लॅट असेल तरच तुलना टिकते.

आता मुदत. घराची नोंद पहिल्यांदा होते किंवा मूल्य वाढतं, तेव्हा महापालिकेला मालकाला विशेष नोटीस द्यावी लागते. हरकतीची मुदत त्या नोटिशीतच छापलेली असते, ती मोजक्या दिवसांचीच असते आणि नोटीस हाती पडल्यापासून सुरू होते. म्हणून पाकीटही जपून ठेवा, पोस्टाचा शिक्का कामाला येतो. नोटीस जुन्या मालकाच्या नावाने किंवा बंद फ्लॅटच्या पत्त्यावर जाते आणि मुदत निघून जाते, हे फार होतं. खरेदीनंतर नावाची नोंद लगेच बदलून घेण्याचं खरं कारण हेच. मुदत हुकलीच तर आकारणी पुस्तकाची, म्हणजे त्याच नोंदवहीची, जाहीर सूचना दरवर्षी निघते, तेव्हा पुन्हा हरकत घेता येते.

हरकतीत ‘कर अवाजवी आहे’ असं मोघम लिहू नका. ‘नोंदीतील क्षेत्र 85 चौ.मी., मंजूर नकाशानुसार 70 चौ.मी., सबब करयोग्य मूल्य 9,072 करावे’ इतकं नेमकं लिहा, कागद जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. सोबत स्थळपाहणीची मागणी करा. पण त्याआधी घरात एक चक्कर मारा. बाल्कनी बंद करून खोलीत घेतली असेल, गच्चीवर शेड टाकली असेल, तर निरीक्षकाच्या टेपमध्ये तीही येईल आणि मूल्य कमी होण्याऐवजी वाढेल. विनापरवाना बांधकामाची शास्ती, म्हणजे दंड, मागे लागली तर वेगळंच. मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहा आणि आकडे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

हरकत दिली म्हणून बिल थांबत नाही. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, तेव्हा ‘हक्क राखून’ असं पत्र देऊन रक्कम भरून टाका. पुढे कलम 406 खाली न्यायालयात अपील करायचं तर ही रक्कम भरलेलीच असावी लागते. अपीलाला मुदत 15 दिवसांची, आणि आधी हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला असला पाहिजे. तोंडी ‘तुमचं काम होऊन जाईल’ यावर विसंबू नका, निर्णयाची लेखी प्रत मागा.

निर्णय तुमच्या बाजूने लागला तरी पुढचं बिल नीट बघा. आदेश फाइलला लागतो आणि संगणकात जुनंच क्षेत्र राहतं, असं सर्रास घडतं. आदेशाची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज द्या आणि जास्तीची भरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करायची मागणी त्याच अर्जात करा.